हीटर, पंखा आणि घाटातली काच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

लालबागमध्ये राहणाऱ्या माणसाने मोटारीच्या हीटरवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. आमच्या चाळीत जानेवारीतही पंखा फिरत असतो. मग गाडीत हीटर हवा कुणाला? याच हिशेबाने मुंबईतल्या कितीतरी जुन्या गाड्यांचे हीटर कायमचे बंद करून टाकलेले असतात. पाणी गळू लागले की हीटरचे दोन पाइप परस्परांना जोडून द्यायचे, हीटर वगळायचा आणि मोकळे व्हायचे.

ही काटकसर जुलैमध्ये कसारा घाटात अंगाशी येते. बाहेर पाऊस, आत दोघांचे ओले कपडे आणि श्वासाची वाफ. ही वाफ गार काचेवर जमते आणि समोरचा ट्रक दिसेनासा होतो. जुन्या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये तर हे फार लवकर घडते, कारण आतली जागाच मुठीएवढी. आपल्या शेजारच्या गोव्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची अशी उघड्या टपाची, फायबरग्लासच्या बॉडीची गाडी तयार होत होती. अशा गाडीचा हौशी मालक रंगावर आणि चाकांवर खर्च करतो. हीटरकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. पण घाटात काच स्वच्छ ठेवतो तो हीटर आणि त्याचा पंखा.

हीटर म्हणजे काही वेगळी शेगडी नव्हे. इंजिन थंड ठेवून तापलेले पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरते. त्यावरून ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, हवा फेकतो. हवा गरम येत नसेल, तर आधी इंजिन पूर्ण थंड असताना पाण्याची पातळी पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी थेट तोंडावर उडते.

पाणी पुरेसे असेल, तर इंजिन तापवून, हीटर पूर्ण उघडून, मग इंजिन बंद करून हीटरचे दोन्ही पाइप जपून चाचपावेत. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरते आहे; दोष हवेच्या झडपेत किंवा ब्लोअरमध्ये. एक गरम आणि एक गार असेल, तर कॉक उघडत नाही किंवा आतला रेडिएटर गाळाने तुंबला आहे. दोन्ही कोमट आणि हमरस्त्यावर तापमानाचा काटा वर चढतच नाही, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असण्याचा संभव अधिक. पायाखालचा गालिचा ओला, गोडसर वास आणि काचेवर पुसली न जाणारी चिकट वाफ, ही कूलंट गळतीची खूण. तिथे हीटर वगळण्यापेक्षा आतला रेडिएटर दुरुस्त करून घ्यावा.

आता पंख्याचा आवाज. गाडीत पंखे दोन असतात, एक इंजिनाच्या रेडिएटरचा आणि दुसरा आतला ब्लोअर. इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून ब्लोअर लावावा. आवाज आला तर दोष ब्लोअरचा. इंजिनाच्या वेगाबरोबर आवाज चढत-उतरत असेल, तर फॅन बेल्ट, पाण्याचा पंप किंवा पुढचा पंखा तपासावा.

आमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये एक चाचा होते. १९८२च्या संपाआधी ते गिरणीच्या साचाखात्यात फिटर होते. शेकडो मागांच्या खडखडाटात बिघडलेला एक माग त्यांना वेगळा ऐकू येई. ते लांब पेचकसाचे टोक मोटरच्या खोळीवर टेकवत आणि मूठ कानामागच्या हाडाला लावत. मला म्हणत, "शायर, आधी ऐका, मग पाना उचला." मात्रा चुकलेली ओळ ओळखायला मला कान लागतो, त्यांना बेअरिंग ओळखायला लागत असे.

त्यांच्याकडून शिकलेले आवाज सांगतो. टकटक होत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर पंख्यात पान किंवा कागद अडकला आहे. काचेखालच्या जाळीतून झाडाचा पाला आत जातो. लालबागेत मसाल्याच्या आणि चिवड्याच्या दुकानांमुळे उंदीरही उदंड. ते आत घर करतात. सुरू करताना किंचाळून मग शांत होत असेल, तर बुश कोरडा पडला आहे. तिथे मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. जास्त तेल मोटरच्या कार्बनवर गेले की मोटर बिघडते. घरघर सतत असेल तर बेअरिंग बदलावे. सगळा डॅशबोर्ड थरथरत असेल तर पंख्याचे पाते तुटले आहे किंवा तोल गेला आहे.

हा आवाज दुर्लक्षून रेडिओ मोठा करणारे लोक आहेत. अडकत फिरणारी मोटर जास्त वीज खेचते, फ्यूज उडतो, आणि कुणीतरी तिथे मोठा फ्यूज बसवून देतो. मग फ्यूजऐवजी वायर जळते. फ्यूज वारंवार उडत असेल, तर मोटर अडकते आहे का, ते आधी पाहावे. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळला आहे. तो स्वस्तात बदलता येतो. काम करताना बॅटरीचा अर्थ काढून ठेवावा, कारण पुढचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

एक इशारा जुन्या, हवेने थंड होणाऱ्या गाड्यांसाठी. जुन्या पोर्श ९११ मध्ये हीटरची हवा एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती तापते. त्या नळ्या गंजून फुटल्या तर विषारी धूर आत येतो. तिथे धुराचा वास आला की हीटर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि गाडी थांबवावी.

जाता जाता आणखी एक उपयोग. गर्दीत इंजिन तापू लागले, तर हीटर आणि ब्लोअर पूर्ण उघडावेत. थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर जाते आणि गाडी सुखरूप बाजूला घेता येते.

तेव्हा मृग लागण्यापूर्वी, मे महिन्यातच, एका शांत सकाळी जुन्या गाडीचा ब्लोअर तिन्ही वेगांवर लावून ऐका, आणि हवा काचेवर नीट येते का, ते हाताने पाहा. लालबागेत त्याची गरज भासणार नाही, घाटात भासेल.