उद्याचे पाणी
(नभोवाणीवरून झालेले भाषण)



अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत वसईची जी हिरवी किनारपट्टी पसरलेली आहे, तिच्यातील वाडीवाडीत असलेल्या विहिरींचे एक मर्म आमच्या पूर्वजांना, भूगर्भशास्त्राचा एक शब्दही कानावर पडलेला नसताना, पुरते उमगलेले होते. ते असे, की या भूमीच्या पोटात खोलवर जे पाणी आहे ते समुद्राचे, खारे. आणि पावसाळ्यात वाळूतून झिरपलेले गोडे पाणी वजनाला हलके असल्यामुळे, दुधावर साय धरावी तसे, त्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. दिवसा रहाटाने बेताने उपसा करावा, सांजेला बैल सोडावा, आणि रात्रभर विहिरीला तिच्या पाझरांच्या स्वाधीन करावे, म्हणजे पहाटे पाणी पुन्हा कालच्या खुणेपर्यंत आलेले दिसते. मात्र लोभाने साय ओरपली की खालून खार वर येतो, आणि एकदा वर आलेला खार खाली बसायला किती पावसाळे लागतील हे कोणी सांगू शकत नाही. लहानपणी रहाटाच्या माळेवरची गाडगी एकामागून एक रिकामी होताना पाहण्याचा मला मोठा नाद होता, आणि अंधार पडला तरी बैल फिरतच राहावा असे वाटे. तेव्हा माझी आजी म्हणे, उद्याचे पाणी अजून देवाच्या घरी आहे, ते आज काढायला जाऊ नये.

संकटकाळी परमेश्वराच्या पुरवठ्यावर विश्वास ठेवावा, असे आपण सारेच म्हणतो. परंतु त्या विश्वासाचे आचरण नेमके कसे करावयाचे, हे मला कोणत्याही प्रवचनापेक्षा आजीच्या या एका वाक्याने अधिक शिकवले.

मी दहा वर्षांचा असेन. त्या वर्षी आमच्या पानवेलींना मर लागली. ज्यांनी पानवेलीचा मळा पाहिलेला नाही त्यांना या तीन शब्दांतील भय समजणे कठीण आहे. आठवडाभरापूर्वी डवरलेला वेल मुळाशी काळा पडतो, पाने मलूल होऊन खाली लोंबू लागतात, आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात हे मरण पाटाच्या पाण्याबरोबर चालत जाते. वडिलांच्या डोक्यावर खतासाठी आणि मांडवाच्या बांबूंसाठी काढलेले कर्ज होते. पुढे पावसाळा होता, आणि घरात खाणारी तोंडे आठ होती. दुपारच्या भाताची जागा पेजेने घेतली, आणि पेजही दिवसेंदिवस पातळ होत गेली. अशा दिवसांतही आजीचा एक नेम चुकला नाही. चुलीवर आधण ठेवण्यापूर्वी, घेतलेल्या तांदळांतून एक मूठ काढून ती कोपऱ्यातल्या एका मडक्यात टाकीत असे; दारी येणाऱ्या गरजवंताची ती मूठ. एके संध्याकाळी वडिलांचा धीर सुटला, आणि आपल्याच मुलांना पुरत नाही तेथे ही मूठ कोणासाठी, असे ते जरा चढ्या आवाजात बोलले. आजीने उत्तर दिले नाही. मूठ मात्र मडक्यात टाकली, आल्तारासमोरची वात नीट केली, आणि रोझरीला बसली.

त्यानंतर काही दिवसांनी, भर पावसात, पहाटे दार उघडले तेव्हा ओटीवर एक सूप होते. सुपात तीन-चार शेर तांदूळ, त्यावर केळीच्या पानाचा एक तुकडा, आणि पान वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दोन कांदे. ते कोणी ठेवले हे आम्हांला त्या वेळी कळले नाही, आणि आजतागायत कळलेले नाही. आजीने तांदूळ मापून डब्यात भरले, एक मूठ मडक्यात टाकली, आणि सूप धुऊन, ज्याचे असेल त्याने घेऊन जावे म्हणून, पुन्हा ओटीवर ठेवले. तिसऱ्या दिवशी ते सूप नेलेले होते. आमच्या आळीत आणखी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात तसेच एक मडके होते, एवढाच त्याचा अर्थ. आणि ईश्वर आपल्या लेकरांना कसा पोसतो, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर त्या दिवशी मिळाले.

जुन्या करारातील निर्गमाच्या ग्रंथात इस्राएल लोकांच्या रानातील प्रवासाची जी कथा आहे, तिच्यात मान्ना नावाचे अन्न रोज सकाळी दवाबरोबर भूमीवर पडलेले सापडे. ज्याने पुष्कळ गोळा केले त्याचे उरले नाही, ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही. परंतु उद्याच्या धास्तीने ज्यांनी ते रात्रभर दडवून ठेवले, त्यांच्या मान्नात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. येथे कोणी शंका घेईल, की मग काटकसर करणे, चार पैसे गाठीला बांधणे, बी राखून ठेवणे हा अविश्वास समजावा काय? मुळीच नाही. त्याच कथेत शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा आहे, आणि त्या दिवशीचे राखून ठेवलेले अन्न नासत नाही. त्याच्याही आधी, मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांचे धान्य कोठारांत साठवले होते, आणि दुष्काळ पडला तेव्हा ती कोठारे उघडून त्याने देश जगवला. साठवण आणि दडवण यांत अंतर आहे ते हेच, की साठवणीचे दार बाहेरच्या बाजूने उघडते.

अशी एक साठवण आमच्या वसईत १९१८ साली उभी राहिली. त्या काळी येथील बागायतदार आणि शेतकरी सावकाराच्या विळख्यात होते. मुलीच्या लग्नासाठी किंवा बैलजोडीसाठी काढलेले कर्ज व्याजावर व्याज चढून वाडीच गिळून टाकी, आणि गहाणखतावर अंगठा उठवणाऱ्या माणसाला त्या दस्तऐवजात काय लिहिले आहे हे वाचताही येत नसे. अशा वेळी मोन्सेनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी आपल्या लोकांना सहकारी पतसंस्थेची कल्पना समजावून दिली, आणि आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक ही त्याच बीजाचा वृक्ष होय. ते साल कोणते होते हे ध्यानात घ्यावे. महायुद्धामुळे महागाई भडकलेली, त्या वर्षीचा पाऊस दगा देऊन गेलेला, आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात घरेच्या घरे ओस पडलेली. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे दगावली. ज्या धर्मगुरूचे काम लोकांना देवावर भरवसा ठेवा असे सांगण्याचे, त्याच धर्मगुरूला खतावणी, भागभांडवल आणि व्याजाचा दर यांत लक्ष घालावेसे वाटले, यात मला कसलीही विसंगती दिसत नाही. किंबहुना, एका शेतकऱ्याची ठेव दुसऱ्याच्या अडचणीला उपयोगी पडावी, ही व्यवस्था माझ्या आजीच्या मडक्याचीच मोठी आवृत्ती आहे.

आणि हा विचार केवळ आम्हां ख्रिस्ती लोकांचा नव्हे. १६३० च्या घोर दुष्काळात देहूच्या तुकोबांचे दुकान बुडाले, घरात अन्नावाचून मृत्यू झाला. आणि परंपरा असे सांगते, की त्यानंतर कुळांकडून येणे असलेल्या रकमांचे रोखे त्यांनी धाकट्या भावाबरोबर वाटून घेतले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीच्या डोहात बुडवले. स्वतःचे सर्वस्व गेलेले असताना दुसऱ्याच्या मानेवरील जू काढून टाकणे, याहून मोठा विश्वास मला कल्पनेतही आणता येत नाही.

आता पुन्हा विहिरीकडे येतो, कारण ही कथा तेथे संपलेली नाही. वसई, नालासोपारा, विरार या स्थानकांभोवती इमारती उभ्या राहिल्या, हजारो कुटुंबे मुंबईतून येथे राहावयास आली, आणि त्यांची तहान भागवण्यासाठी आमच्या हिरव्या पट्ट्यातील विहिरींवर विजेचे पंप बसून रात्रंदिवस टँकर भरले जाऊ लागले. तहानलेल्याला पाणी देणे हा धर्मच आहे, आणि त्या इमारतींतील माणसांचा यात काही दोष नव्हता. दोष होता तो उद्याचे पाणी आज विकून मोकळे होण्याच्या वृत्तीचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, त्यात माझ्यासारख्या अनेकांना प्रथमच कळले, की पर्यावरण म्हणून ज्याचा उच्चार होतो तो आमच्या घरातल्या प्रार्थनेचाच विषय आहे. पुढे सूर्या नदीचे पाणी नळाने आले, टँकरांची गर्दी काहीशी ओसरली. परंतु तोवर कित्येक विहिरी बाधल्या होत्या. आमचीही बाधली. शेजारच्या एका जमिनीवरील पंप दोन उन्हाळे रात्रभर चालत राहिला, आणि एका सकाळी चहा तोंडाला लावताच आईने कप खाली ठेवला.

आजी तेव्हा हयात नव्हती. पण तिचे मडके होते, आणि आजही आहे. २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा दादरच्या बाजारात फुले नेता येईनात आणि चर्चची दारेही बंद झाली, तेव्हा माझ्या पत्नीने ते पुन्हा चुलीजवळ आणून ठेवले. मूठ टाकली जाऊ लागली, आणि त्या दिवसांत ती मूठ घ्यायला माणसेही येत गेली.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागातील तरुण मंडळी गाळाने बुजलेली जुनी बावखले, आमच्या वाड्यांतली ती लहान तळी, उपसून मोकळी करू लागली आहेत, म्हणजे पावसाचे पाणी त्यांत साचून जमिनीत मुरावे. आमच्या विहिरीचे पाणी अद्याप मचूळ आहे; केळीला चालते, पानवेलीला चालत नाही. तथापि भाद्रपदात, पाऊस भरपूर झालेला असला तर, वरच्या हातभर पाण्याची चव पूर्वीसारखी लागते.

माझे ऐकत असलेल्यांपैकी ज्यांच्या वाडीत विहीर आहे, त्यांना हात जोडून एवढीच विनंती करतो, की आज रात्री निजण्यापूर्वी पंप बंद करा.