सत्कार्याचा माल आणि त्याचा हिशेब

दुकानांत वस्तु घेतांना गिऱ्हाइकाच्या मनांत बहुधा दोनच प्रश्न असतात : माल कसा आहे, आणि तो किती पैशांस मिळतो. परंतु कित्येकदां या दोहोंत तिसऱ्या गोष्टीची भर पडते. 'ही पिशवी घ्या. हिच्या किंमतींतील कांहीं भाग एका शाळेस जाईल', अशी विनंति मालाबरोबरच कानीं येते. इंटरनेटवरून चालणाऱ्या लहान दुकानांत तर ती विशेष आढळते. तेथें विकणारा व घेणारा एकमेकांचें तोंडहि पाहत नाहींत. सारा व्यवहार शब्दावर चालतो. म्हणूनच त्या शब्दाचें मोल अधिक.

सत्कार्याची आणि व्यापाराची ही सांगड आजची नव्हे. ती दोन प्रकारांनीं घातली जाते. पहिल्या प्रकारांत सत्कार्य खुद्द वस्तूंतच असतें. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, १८७७ सालच्या दिल्ली दरबारास खादीचा पोषाख करून गेले. पुढें खादीचीं भांडारें निघालीं, त्यांच्या मुळाशींहि हेंच तत्त्व होतें. खादीचें धोतर घेतलें कीं कातणाराची व विणणाराची मजुरी त्यांत आलीच; निराळी देणगी कबूल करण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या प्रकारांत वस्तु निमित्तमात्र असते, आणि सत्कार्य तिच्या पैशांत असतें. विश्वासाची खरी परीक्षा होते ती येथें.

या दुसऱ्या प्रकाराचें एक उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अमेरिकेंतील डेलावेअर संस्थानांत ब्रँडीवाइन नदीच्या कांठीं क्षयरोग्यांसाठीं एक लहानसें आरोग्यधाम होतें. १९०७ सालीं तें केवळ ३०० डॉलर्सच्या अभावीं बंद पडण्याच्या बेतांत आलें. मिस एमिली बिसेल यांच्या कानांवर ही गोष्ट गेली. डेन्मार्कमध्यें आयनार होल्बॉल नांवाच्या टपालखात्यांतील गृहस्थांच्या कल्पनेवरून १९०४ सालीं नाताळच्या पत्रांवर चिकटविण्याचीं शोभेचीं तिकिटें काढून आजारी मुलांसाठीं पैसा उभा केला होता, हें त्यांच्या वाचनांत आलें होतें. त्यांनीं स्वतःच्या हातानें चित्र काढलें, स्नेह्यांकडून उसने पैसे घेऊन ५०,००० तिकिटें छापविलीं, आणि विल्मिंग्टनच्या पोस्टांत एक सेंटास एक याप्रमाणें विकावयास ठेविलीं. आरंभीं विक्री मंदच होती. मग फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रानें हें कार्य उचलून धरलें, आणि अखेर हातीं आले ते सुमारें ३,००० डॉलर्स, म्हणजे गरजेच्या दसपट!

हें यश केवळ दयेचें नव्हे. वस्तूचा दर ठरलेला होता, गरजेचा आंकडा ठरलेला होता, आणि पैसा जेथें जावयाचा ती जागा सर्वांस ठाऊक होती. एक सेंट देणाऱ्या पोरासहि आपला पैसा कोठें गेला हें सांगतां आलें असतें.

पुढें मोठ्या कंपन्यांनींहि हा मार्ग धरला. १९८३ सालीं अमेरिकन एक्सप्रेस कंपनीनें न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठीं, आपलें कार्ड वापरून केलेल्या प्रत्येक व्यवहारामागें एक सेंट, व प्रत्येक नव्या कार्डामागें एक डॉलर देण्याचें जाहीर केलें. त्यांतून सुमारें १७ लक्ष डॉलर्स जमले. कंपनीचा धंदाहि त्याबरोबर वाढला. यांत परोपकारापेक्षां व्यापारच अधिक, असें कोणी म्हणेल. असेलहि, परंतु दर आधीं सांगितला होता, ही गोष्ट तिच्या बाजूची आहे.

आतां घरांतूनच धंदा करणाऱ्या एखाद्या गृहिणीचा हिशेब पाहूं. समजा, ती ३०० रुपयांस कापडी पिशवी विकते, आणि 'विक्रीचा दहावा हिस्सा खेड्यांतील शाळेच्या ग्रंथालयास' असें छापते. कापड व शिलाई १४० रुपये, छपाई ३०, वेष्टन १०, कुरिअर ६०, आणि पैसे स्वीकारण्याची हशील ६. एकूण खर्च २४६, उरले ५४. त्यांतून ३० रुपये शाळेस गेले म्हणजे तिच्या हातीं २४ राहतात. आतां दहांपैकीं एक पिशवी परत आली, तर जाण्यायेण्याचे १२० रुपये अंगावर पडतात. नऊ पिशव्यांचे ४८६ रुपये. त्यांतून हे १२० व शाळेचे २७० वजा जातां दहा पिशव्यांच्या खटाटोपापायीं उरतात अवघे ९६!

मोह उत्पन्न होतो तो याच ठिकाणीं. 'या महिन्यांत राहूं द्या, पुढच्या महिन्यांत शाळेचें पाहूं', असें मन सांगूं लागतें. बाई लबाड नसते. तिनें वचन देण्यापूर्वीं बेरीज केलेली नसते, एवढेंच. परंतु शाळेस पुस्तकें मिळत नाहींत, आणि गिऱ्हाइकास तें कळलें म्हणजे तें पुढच्या प्रामाणिक विक्रेत्यावरहि विश्वास ठेवीत नाहीं. एकाच्या चुकीचा दंड दुसऱ्यास भरावा लागतो.

म्हणून वचन लहान असावें, पण नेमकें असावें. 'नफ्यांतील कांहीं भाग' हे शब्द ऐकावयास गोड, पण मोजावयास अशक्य. त्यापेक्षां 'प्रत्येक पिशवीमागें १० रुपये' हें बरें; वरील हिशेबांत मग ९६ च्या जागीं २७६ रुपये उरतात, आणि धंदा जगतो. धंदा जगला तर देणगीहि चालूं राहते. ज्या संस्थेसाठीं पैसा गोळा करावयाचा तिची लेखी संमति आधीं घ्यावी. तिचा पैसा विक्रीच्या दिवशींच निराळा काढून ठेवावा. मुदत ठरवावी, आणि ती संपतांच किती नग खपले, किती रुपये दिले, हें संस्थेच्या पावतीसह गिऱ्हाइकांस दाखवावें. विक्री थोडी झाली तरी लाजूं नये. नव्वद रुपयांची खरी पावती हजारांच्या आश्वासनापेक्षां श्रेष्ठ आहे.

मालाकडेहि दुर्लक्ष होतां कामा नये. दयेपोटीं गिऱ्हाईक एकदां पिशवी घेईल. तिचा बंद आठ दिवसांत तुटला तर दुसऱ्यांदा फिरकणार नाहीं.

आणि घेणारानेंहि आपलें कर्तव्य ओळखावें. किती रुपये, कोणास, आणि केव्हां, हे तीन प्रश्न विचारणें हा संशय नव्हे. ज्याच्यापाशीं उत्तर तयार आहे त्यास असा प्रश्न विचारलेला आवडतोच.