पेशीचें मरण, रोग्याचें जीवन

देहांतील पेशीचें मरण ही नेहमींच अनिष्ट गोष्ट नव्हे. जीर्ण पेशीनें वेळेवर नाहींसें व्हावें, ही निसर्गाचीच योजना आहे. कर, वायली व करी या शास्त्रज्ञांनीं १९७२ सालीं या शिस्तीच्या मृत्यूस ‘अपॉप्टोसिस’ हें ग्रीक नांव दिलें. झाडाचें पान गळून पडणें, असा त्याचा अर्थ. कर्करोगाची पेशी मात्र ही आज्ञा मानीत नाहीं.

मूत्रपिंडाचा कर्करोग तर फारच हट्टी. गांठ तेथल्यातेथें असेल तर शस्त्रक्रियेनें काढतां येते; पण रोग फुप्फुसांत वा हाडांत पसरला, कीं नेहमींच्या रासायनिक औषधांस तो सहसा दाद देत नाहीं.

परक्या वस्तूस नेमकें ओळखून तिला चिकटणारें प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. एकाच जातीचीं प्रतिपिंडें हवीं तेवढीं तयार करण्याची रीत कोलर व मिलस्टाइन यांनीं १९७५ सालीं केंब्रिज येथें काढली. तीं थेट कर्कपेशीस चिकटवावीं, हा विचार ओघानेंच आला. गिरेंटुक्सिमॅब नांवाच्या अशा औषधाची परीक्षा शस्त्रक्रिया झालेल्या ८६४ रोग्यांत झाली. परंतु रोग उलटण्यास त्यानें आळा बसला नाहीं.

यश आलें तें आडवाटेनें. रक्तांतील टी-पेशी रोगट पेशीला छिद्र पाडून आंत ग्रॅन्झाइम नांवाचें द्रव्य सोडते व तिला मरावयास लावते. मात्र टी-पेशीस ‘पीडी-१’ नांवाचा एक लगाम असतो. क्योटो येथें तासुकु होन्जो व त्यांच्या सहकाऱ्यांस तो १९९२ सालीं सांपडला. कर्कपेशी हाच लगाम ओढून धरते. निव्होलुमॅब हें प्रतिपिंड लगामास आधींच चिकटून तिचा हात तेथें पोंचूं देत नाहीं; पुढील काम टी-पेशीच करते.

२०१५ सालीं ८२१ रोग्यांवरील परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. जुन्या गोळ्या घेणाऱ्यांचें मध्यम आयुर्मान १९.६ महिने, तर नव्या औषधानें २५ महिने भरलें. गांठी लक्षणीय आकसल्या त्या मात्र चौघांपैकीं एकाच्याच. शिवाय लगाम सुटलेली टी-पेशी कधीं कधीं निरोगी आंतडें, फुप्फुस वा कंठग्रंथि यांवरही उठते. म्हणून हें औषध घेणाऱ्यास जुलाब वा धाप लागल्यास घरच्यांनीं वाट पाहूं नये. डॉक्टरांस तत्काळ कळवावें.

आणि लघवींतून रक्त गेलें, तर तें वेदनेशिवाय गेलें म्हणून कोणींही स्वस्थ बसूं नये. लवकर सांपडलेल्या गांठीस आजही शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय आहे.