सर घरी येतात तेव्हा

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंग नाही, पगार नाही, एआय आपली नोकरी खाणार का तेही नाही. आज आपल्या धाराशिवच्या एका माणसाबद्दल बोलू. खरं तर दोन माणसांबद्दल.

पहिलं नाव तुम्ही ऐकलं असेल. सारिका काळे. 2016 ला गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या, तिथं भारतीय महिला खो-खो संघाची कॅप्टन आपली सारिका होती आणि टीमनं सुवर्णपदक आणलं. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो तब्बल 22 वर्षांनी मिळत होता.

पण त्याच 2016 मध्ये तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. कारण सरळ होतं, पैसे. वडिलांची कमाई तुटपुंजी, आई शिवणकाम करायची. तिनंच सांगितलंय की जवळपास दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, आणि चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते फक्त शिबिराला नाहीतर स्पर्धेला गेल्यावर. आपण डाएट म्हणून एक वेळ उपाशी राहतो आणि स्टेटस टाकतो. असो.

तर तिनं स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. ही गोष्ट तिच्या आजीनं प्रशिक्षकांना सांगितली. हे प्रशिक्षक म्हणजे डॉ. चंद्रजित जाधव. राज्य खो-खो संघटनेचे सरचिटणीस म्हणूनही त्यांनी काम केलंय. ते तिच्याशी बोलले, तिची समजूत काढली आणि ती परत मैदानात आली. पुढं ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली.

मला यात सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? आजीनं ही गोष्ट सरांना सांगितली. म्हणजे त्या घराला सर परके नव्हते. पोरीला पोल मारायला शिकवलं म्हणून असा विश्वास बसत नाही. त्यासाठी आधी कितीतरी वेळा घरी चहा प्यावा लागतो.

आता दुसरा माणूस. यांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. माझ्या ज्युनिअर कॉलेजचे क्रीडा शिक्षक. कॉलेज लहान, तालुक्याच्या गावातलं. क्रीडा विभाग म्हणजे एक खोली, एक लोखंडी कपाट आणि सर. सकाळी खो-खो, संध्याकाळी व्हॉलीबॉल, पावसाळ्यात कबड्डी, मधेच कुणाला तरी गोळाफेक शिकवायची. मैदानावर फक्की तेच मारायचे, नेट तेच शिवायचे. स्पर्धेचे अर्ज, बोनाफाईड, पोरांचे फोटो, एसटीच्या तिकिटांचा हिशोब, सगळं एकाच पिशवीत. आजच्या भाषेत फुल स्टॅक डेव्हलपर, पण टीम नाही आणि सुट्टीही नाही.

मी खो-खो खेळायचो. बरा पळायचो, बरं का. बारावीत सीईटी आली आणि घरी फर्मान निघालं, आता खेळ बंद. मी चार दिवस ग्राउंडवर गेलो नाही. पाचव्या दिवशी सर दारात. वडील म्हणाले, "सर, इंजिनिअरिंगला नंबर लागला पाहिजे याचा." मला वाटलं, आता सर भांडतील. सर म्हणाले, "बरोबर आहे दादा तुमचं. फक्त रोज अर्धा तास पळू द्या त्याला, डोकं चालंल." चहा प्यायले आणि गेले. मी पळालोही नाही आणि परत खेळलोही नाही. नंबर मात्र लागला.

त्याच वर्षी आमच्या मुलींच्या टीममधली एक जण यायची बंद झाली. आमच्या सगळ्यांत भारी चेझर. तिचं लग्न ठरवत होते. सर तिच्या घरी तीनदा गेले. पहिल्या दोन वेळा चहा मिळाला. तिसऱ्यांदा दारातूनच बोलून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सर मैदानात आले, फक्की मारली, बाकीच्या आठ जणींना चौकोनात बसवलं आणि शिट्टी वाजवली. तिचं नाव त्यांनी आमच्यासमोर परत काढलं नाही.

सारिकाची गोष्ट पेपरात येते आणि यायलाच पाहिजे. आपल्याच जिल्ह्याची अश्विनी शिंदे जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्डकप जिंकणाऱ्या भारतीय संघात होती, त्याचाही आपण जल्लोष केला. पण जे सर रिकाम्या हातानं परतले, त्या फेऱ्या कुठं मोजल्या जात नाहीत. पदकं किती, राज्यस्तर किती, एवढंच विचारतात. मला विचाराल तर माझ्या सरांचं करिअर त्या दारांमध्ये होतं. काही दारं उघडली, काही नाही. माझ्या घरचं उघडलं, पण मीच आत बसून राहिलो.

मागच्या आठवड्यात मीटिंग चालू असताना त्यांचा फोन आला. मी माइक म्यूट केला. "काय करायलास रे? पुण्यात स्पर्धा आहे. बारा पोरी अन् एक मॅडम. दोन रात्री राहायची सोय होईल का बघ की." मी म्हणालो, बघतो सर. कॅमेरा ऑन होता, मॅनेजर बघत होता, मी चक्क हसत होतो.

आमच्या सोसायटीचा हॉल मिळालाय. गाद्या भाड्यानं सांगितल्यात, डब्याचं बोलणं झालंय. मंगळवारी पहाटे त्यांची एसटी स्वारगेटला लागेल. रिक्षात बारा जणी मावणार नाहीत, त्यामुळं ऐकणाऱ्यांपैकी पुण्यात कुणाकडं मोठी गाडी असेल तर मेसेज टाका. पहाटे पाचला यावं लागेल, आधीच सांगतो.