दुकानातला माणूस

जपानमध्ये दुकानात पाऊल टाकलं की कर्मचारी मोठ्यानं म्हणतात, 'इराश्शाइमासे!' म्हणजे साधारण 'या, या!' सायाका मुराता यांच्या 'कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन' या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद करताना जिनी टॅप्ली ताकेमोरी यांनी हा शब्द तसाच ठेवला, आणि फार बरं केलं. 36 वर्षांची नायिका केइको गेली 18 वर्षं हीच हाक देत जगते आहे. लग्न कधी, बरी नोकरी कधी, या प्रश्नांपेक्षा तिला नीट मांडलेले भाताचे गोळे जवळचे वाटतात. मुराताही अशाच दुकानात काम करत. 2016 साली कादंबरीला अकुतागावा हा जपानी साहित्य पुरस्कार मिळाला, 2018 मध्ये ती इंग्रजीत आली.

शीर्षकात मात्र काहीतरी निसटलं. मूळ नाव 'कोंबिनी निंगेन'. कोंबिनी म्हणजे असं दुकान, निंगेन म्हणजे माणूस. इंग्रजीत त्याची बाई झाली. केइकोला माणसांत गणायचं की नाही, हाच तर कादंबरीचा प्रश्न आहे! हा बदल मला खटकतो.

काही पुस्तकांना तर अनुवादाची फार वाट पाहावी लागते. योको ओगावा यांची 'द मेमरी पोलिस' ही कादंबरी 1994ची. स्टीफन स्नायडर यांच्या अनुवादातून ती इंग्रजीत आली 2019मध्ये. जपानी पुस्तक इंग्रजीतून वाचाल, तेव्हा अनुवादकाचं नावही जरूर वाचा.