सरकारी अरण्य आणि लोकांचे अरण्य

(पक्षाच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक मालकीचा विषय निघाला की समाजवादी कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे गिरण्या, खाणी, बँका आणि रेल्वे उभ्या राहतात. अरण्य सहसा उभे राहत नाही. ते आधीच सरकारचे आहे, म्हणजेच सर्वांचे आहे, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत किती अपुरे आहे, ते केरळातील सायलेंट व्हॅलीचा इतिहास सांगतो.

पालक्काड जिल्ह्यात, निलगिरीच्या नैर्ऋत्य टोकाला, कुंतीपुळा नदीच्या खोऱ्यात हे पुरातन सदाहरित अरण्य आहे. त्याचे जुने नाव सैरंध्रीवन. १९१४ मध्ये ते राखीव वन झाले आणि दुर्गमतेमुळे त्याचा गाभा बराचसा कुऱ्हाडीपासून वाचला. दुर्मीळ सिंहपुच्छ वानराच्या मोजक्या आश्रयस्थानांपैकी ते एक आहे.

या नदीवर धरण बांधून प्रारंभी १२० मेगावॉट वीज निर्माण करण्याच्या योजनेला नियोजन आयोगाने १९७३ मध्ये मंजुरी दिली. अरण्यावर चालून येणारा कोणी खासगी भांडवलदार नव्हता. ते राज्याचे वीज मंडळ होते. मलबारचे मागासलेपण, बेकारी, पाण्याची टंचाई ही योजनेच्या समर्थनार्थ दिलेली कारणेही खोटी नव्हती. १९७८ मध्ये योजनेला संमती देणाऱ्या जनता सरकारात समाजवादी मंत्री होते. केरळातील डाव्या पक्षांतही प्रकल्पाला मोठा पाठिंबा होता. ‘माणूस मोठा की माकड?’ असा कुत्सित प्रश्न तेव्हा विचारला जाई.

या प्रश्नाला समर्पक उत्तर दिले ते केरळ शास्त्र साहित्य परिषदेने. १९६२ मध्ये स्थापन झालेली ही संघटना मल्याळममधून विज्ञान जनसामान्यांपर्यंत नेत होती. समाजक्रांतीसाठी विज्ञान, हे तिचे ब्रीद. वनस्पतिशास्त्रज्ञ एम. के. प्रसाद, अर्थशास्त्रज्ञ के. पी. कन्नन आणि त्यांच्या अभियंता व शेतीतज्ज्ञ सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या प्रकल्पाची तांत्रिक, आर्थिक आणि सामाजिक चिकित्सा प्रसिद्ध केली. विकास नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. मलबारला वीज हवी, हे मान्य करूनच ती कोणत्या अन्य मार्गांनी देता येईल, हे त्यांनी मांडले. औष्णिक वीज आणि वहनातील गळतीला आळा हे पर्याय त्यांनी पुढे ठेवले. कवयित्री सुगतकुमारी आणि पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनीही अरण्याच्या बाजूने आवाज उठविला. परंतु वीज मंडळाच्या आकड्यांना आकड्यांनी उत्तर मिळाले ते या चिकित्सेतून.

त्या चिकित्सेतून निघणारा अर्थशास्त्रीय धडा प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावा असा आहे. प्रकल्पाच्या ताळेबंदात सिमेंटला किंमत असते, मजुरीला असते, बुडणाऱ्या अरण्याला मात्र केवळ लाकडाचा भाव लागतो. जे सर्वांचे, ते फुकट, असा हा हिशेब आहे. विजेला पर्याय असतात. जनित्र झिजले तर नवे बसविता येते. सहस्रावधी वर्षांत घडलेले अरण्य एकदा बुडाले की कोणत्याही योजनेने ते परत उभे राहत नाही. पुढच्या पिढ्यांना मत नाही, म्हणून त्यांचा वाटा आजच्या जमाखर्चातून वगळणे, हेही शोषणच होय.

एम. जी. के. मेनन समितीच्या अभ्यासानंतर १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला. १९८४ मध्ये ८९.५२ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. तरीही पुढे त्याच नदीवर, उद्यानाच्या सीमेलगत, पात्रक्कडवू येथे नवी जलविद्युत योजना मांडली गेली. २००७ मध्ये १४८ चौरस किलोमीटरचा संरक्षक पट्टा उद्यानाभोवती आखावा लागला. घोषणेने अरण्य कायमचे सुरक्षित होत नाही. त्यामागे जागे लोकमत लागते.

या विजयाची एक मर्यादाही ओळखली पाहिजे. सायलेंट व्हॅलीच्या गाभ्यात वस्ती नव्हती, म्हणून तेथे कोणाला उठवावे लागले नाही. देशातील बहुतेक अरण्यांत आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. धरणाऐवजी कुंपण घालून त्यांना बाहेर काढणे, हे सार्वजनिक संरक्षण नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सर्वांच्या परिचयाची आहे.

सायलेंट व्हॅलीने लोकांनी हिशेब मागावा हे शिकविले. मेंढ्याने लोकांनी कारभार करावा हे दाखविले. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच सरकारी अरण्य लोकांचे होईल. म्हणून आपल्या तालुक्यात एखाद्या वनावर प्रकल्प येत असेल, तर कार्यकर्त्याने प्रथम त्याचा अहवाल मिळवावा, तो मराठीत ग्रामसभेपुढे वाचावा, आणि मगच निषेधाचा वा पाठिंब्याचा ठराव मांडावा.