मातीचे आकडे, खडकाचा इतिहास



पुण्यात भरलेल्या या परिषदेत मी एकच आग्रह धरणार आहे. मृदायांत्रिकी आणि अभियांत्रिकी भूविज्ञान हे विषय वेगळ्या सत्रांत, वेगळ्या शिक्षकांनी, एकमेकांची दखल न घेता शिकवणे थांबले पाहिजे. आज विद्यार्थी एका विषयात खनिजांचे नमुने ओळखून मोकळा होतो आणि दुसऱ्यात भारक्षमतेची गणिते सोडवतो. गणितातली जमीन तशी का घडली, हे त्याला कोणी विचारत नाही. मृदायांत्रिकीला १९२५च्या ग्रंथाने शास्त्राचे रूप देणारे कार्ल टेर्झागी पुढे हार्वर्डमध्ये अभियांत्रिकी भूविज्ञानही शिकवत होते. ही फारकत त्यांच्याकडून आलेली नाही. ती आपल्या वेळापत्रकांनी केली आहे.

पुण्यात यावर हमखास आक्षेप येतो : इथे थोडे खोदले की पाषाण लागतो, मग एवढा अभ्यास कशाला? पण हा पाषाण एकजिनसी नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यांत कुठे घट्ट काळा बेसॉल्ट आहे, कुठे झिओलाइटच्या पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, तर दोन थरांच्या मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा. प्रयोगशाळेत दाबून पाहिला तर घट्ट बेसॉल्टच सरस ठरतो. मात्र त्याला सांधे असतात आणि धरणाच्या पायात पाणी सांध्यांतूनच वाट काढते. ताकदीत कमी भरणारा मांजऱ्या बहुधा सांध्यांवाचून सलग असल्याने तिथे अधिक भरवशाचा ठरू शकतो. एकट्या दाबबलाच्या आकड्यावर निवड केली, तर ती नेमकी उलटी व्हायची.

बोअर घेतल्यावर समोर येणारी कोअरची पेटीच पाहा. काळ्या दगडाच्या कांड्या ओळीने मांडलेल्या असतात आणि मध्येच वीतभर जागा रिकामी असते. नुसते गणित शिकलेला तिथे मिळालेल्या कोअरची टक्केवारी लिहून पुढे जातो. भूविज्ञान जाणणारा थांबतो. ड्रिलच्या पाण्याने वाहून गेले ते काय होते? लाल मातीचा पट्टा असेल, तर बांधकामाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा नमुना तोच, आणि तोच पेटीत नाही. मुरमातल्या गोट्यांचेही तसेच. आपला बेसॉल्ट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा झिजतो आणि मऊ मुरमात टणक गोटे शिल्लक राहतात. प्रमाणित भेदन चाचणीचा हातोडा अशा गोट्यावर अडला की अहवालात ‘रिफ्युजल’ अशी नोंद होते. अर्धा पाया गोट्यावर, अर्धा मुरमावर बसला, तर इमारत असमान खचते. आकडा खरा असतो, पण तो त्या गोट्यापुरता.

अभ्यासक्रमात जागा नाही, ही अडचण खरी आहे. पण मी नवा विषय मागत नाही, असलेले दोन जोडायला सांगतो आहे. काळी माती किती फुगते हे मोजताना बेसॉल्टच्या झिजेतून तिच्यात माँटमोरिलोनाइट कसे आले हे सांगायला दहा मिनिटे पुरतात. भूवैज्ञानिक सल्लागार असतोच, हेही म्हटले जाते. असावाच, परंतु त्याला कधी बोलवायचे आणि पहिले बोअर कुठे घ्यायचे, हे बहुतेक कामांवर स्थापत्य अभियंताच ठरवतो. प्रश्न पडायचा तर तो त्याला पडला पाहिजे.

३० जुलै २०१४ रोजी याच जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. झिजलेल्या खडकावरचा मातीचा थर, उतार आणि मुसळधार पाऊस यांचा मेळ अशा वेळी जीवघेणा ठरतो. मातीत साचलेल्या पाण्याच्या दाबाचे गणित मृदायांत्रिकी करते, पण तो दाब कोणत्या थरावर साठेल हे भूविज्ञान सांगते. सह्याद्रीत रस्ता काढणाऱ्याला यातले एक येऊन भागत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दोन्ही विषयांचे एक प्रात्यक्षिक एकत्र घ्यावे आणि त्याला दोन्ही शिक्षकांनी हजर राहावे. विद्यार्थ्यापुढे पुण्यातल्या एका जागेची कोअरची पेटी आणि तिची नोंदवही ठेवावी. भारक्षमता काढायला सांगण्याआधी त्याला विचारावे : पुढचे बोअर तू कुठे घेशील, आणि का?